स्वतःच्या तोंडानं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलेला, त्यावर स्टीलचं ताट, ताटात कडक भाकरीचे तुकडे. शेजारी छोट्या छोट्या पेल्यांतून काळ्या द्राक्षांचा रस. ताट फिरवायचं काम पेद्दय्यांचं. रांगेच्या एका टोकापासून सुरुवात करून ते प्रत्येकापुढे वाकायचे आणि ताट धरायचे. मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, त्यांचा स्वतःचा मुलगा समाधान बसलेला असायचा. शेवटच्या वर्षांत वय चाळिशीच्या पुढे, कानाजवळचे केस पिकलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. ताट जवळ आलं की तो हात पुढे करायचा. पेद्दय्या ताट जरा वर उचलायचे आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसापुढे न्यायचे.

मी हे लहानपणापासून बघत आले. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, कारण आम्हा पोरांच्या डोक्यावरूनही ताट असंच जायचं. मग आम्ही मोठे झालो, बाप्तिस्मा घेतला, आणि ताट आमच्यापुढे थांबायला लागलं. समाधानपुढे ते कधी थांबलं नाही.

पेद्दय्यांचं खरं नाव आशीर्वादम मेकला. तेलुगूत पेद्दय्या म्हणजे घरातला थोरला बाप. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना याच नावानं हाक मारायचे. उंच, काटक, बोलणं कमी. सगळी उमर त्यांनी सूत रंगवण्याच्या कारखान्यात काढली. टॉवेल-चादरींचं सूत त्यांच्या हातून गेलं आणि रंग हातातच राहिला. नखांच्या कडा कधी निळ्या, कधी किरमिजी. रविवारी सकाळी ते दगडानं बोटं घासायचे, तरी थोडा रंग उरायचाच.

त्यांचे वडील महबूबनगरच्या बाजूचे. आमचे लोक त्या मुलखाला पालमूर म्हणतात. तिथं हाताला काम नव्हतं आणि सोलापूरला गिरण्या होत्या, म्हणून तेलुगू बोलणारी माणसं गाडीनं इकडं येत राहिली. त्यातली काही मोजकी घरं ख्रिस्ती होती. पालमूरकडे अमेरिकेतल्या मिशनऱ्यांनी ज्या मंडळ्या काढल्या होत्या त्या मेनोनाइट, म्हणून आमचे लोकही मेनोनाइट. सोलापुरात हा शब्द कुणाच्याच कानावरून गेलेला नाही. एकदा कचेरीत दाखल्यासाठी पेद्दय्यांनी तो सांगितला तर कारकुनानं मान वर करून विचारलं, "मेमन? मग मुसलमान लिहू की ख्रिश्चन?" पेद्दय्यांनी तीनदा सांगून बघितलं, मग म्हणाले, "ख्रिश्चन लिवा, साहेब. बास झालं."

सुरुवातीला उपासना कुणाच्या तरी ओसरीत व्हायची. बायका विड्या वळायच्या, पुरुष गिरणीत, त्यामुळे सगळे एकत्र यायचे ते रविवारीच. पुढे अल्लाउद्दीनशेठनी आपल्या यंत्रमागाच्या शेडमधली अर्धी जागा दिली. मधे पत्र्याची भिंत. पलीकडे माग, अलीकडे आम्ही. आमची उपासना उठेपर्यंत शेठ माग सुरू करू द्यायचे नाहीत. भाडं अगदी नावापुरतं. "देवाचंच नाव घेताय की," म्हणायचे, "घ्या."

बाप्तिस्म्यासाठी मात्र पाणी लागायचं, आणि तेही बुडता येईल इतकं. आमच्यात कपाळावर पाणी शिंपडून चालत नाही. कुंभारीच्या रस्त्याला बिरप्पा नावाच्या धनगराची पायऱ्यांची विहीर होती, तिथं सगळी मंडळी चालत जायची. पेद्दय्यांचा बाप्तिस्मा तिथलाच. ते तेव्हा मिसरूड फुटलेले तरुण होते. पांढऱ्या धोतरात पायऱ्या उतरले, पास्टरांनी त्यांना पाण्याखाली नेलं, वर काढलं. बिरप्पा मेंढरं पाजायला आला होता. तो काठावरून ओरडला, "आरं पवायला शिकवताय व्हय? मग कंबरंला भोपळा बांदा की!" ही गोष्ट सांगताना पेद्दय्या हसायचे. त्यांना हसताना मी तेवढ्याच वेळी बघितलंय.

रविवारी उपासनेआधी ते आम्हा पोरांची शाळा घ्यायचे. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. त्यात एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. युरोपात फार पूर्वी काही माणसं म्हणाली की तान्ह्या पोराला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, कारण त्याला काही कळत नाही. ज्याचा विश्वास त्यानं तो स्वतःच्या तोंडानं सांगावा, मगच पाण्यात उतरावं. एवढं म्हटलं म्हणून सरकारनं त्या माणसांना धरलं, हातपाय बांधले आणि नदीत बुडवून मारलं. त्यांनी उलट हात उचलला नाही. "ती आपली माणसं," पेद्दय्या म्हणायचे. "एका गोष्टीसाठी मेली. ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं. आईनं न्हाय, बापानं न्हाय."

ते नुसतं सांगत नव्हते, तसे वागतही होते. कारखान्यासमोर एकदा टेम्पोनं एका बाईला उडवलं आणि पेद्दय्यांना साक्षीला बोलावलं. कोर्टात शिपायानं पुस्तक पुढे केलं. पेद्दय्यांनी हात मागे घेतला. "आमच्यात शपथ घेत न्हाईत," ते म्हणाले. "माझं व्हय म्हंजे व्हय, न्हाय म्हंजे न्हाय." वकील हसले. जजसाहेबांनी मात्र शपथेऐवजी गंभीरपणे खरं सांगेन असं म्हणू दिलं. घरी येऊन त्यांनी हे कुणाला सांगितलंसुद्धा नाही. आम्हाला कळलं ते त्या बाईच्या नवऱ्याकडून.

समाधान त्यांचा थोरला. तेलुगू बायबलात शांतीला समाधानम म्हणतात आणि आमच्यात शांतीला फार मोल, म्हणून हे नाव. मूल दोन वर्षांचं झालं तरी बसेना, तीन वर्षांचं झालं तरी बोलेना. आई, कृपम्मा, त्याला घेऊन डॉक्टरांकडे फिरली. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मताना त्याच्या मेंदूला हवा कमी मिळाली. तो चालेल, जेवेल, आपलं अंग धुवेल, त्यापुढे फारसं नाही. पाठची मुलगी सुवार्ता चांगली निघाली. पुढे तिचं लग्न होटगीच्या रेल्वेतल्या माणसाशी झालं.

डॉक्टर म्हणाले तितकं समाधानला आलं, वर थोडं जास्तच. त्याच्याकडे चारपाच शब्द होते. नायना म्हणजे बाप, अम्मा, पाणी, चा, आणि नको. एवढ्यावर तो सगळं निभावायचा. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चटया अंथरायचा. कुणाची चटई कुठे ते त्याला पक्कं माहीत. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमच्यात एकमेकांचे पाय धुतात. तेव्हा घमेलं आणि टॉवेल घेऊन तो प्रत्येकापाशी उभा राहायचा. पाणी सांडलं की स्वतःच पुसायचा.

कृपम्मा म्हणायची, "त्याला कशाला पायजे बाप्तिस्मा? लेकरू हाय ते. लेकरं देवाचीच असत्यात." पास्टरही तेच म्हणायचे. ज्याला पाप कळत नाही त्याला माफी कसली मागायची? पेद्दय्यांनाही ते पटलेलं होतं. विषय तिथंच संपला होता.

फक्त समाधानचं हात पुढे करणं संपलं नव्हतं. कृपम्मानं त्यावर एक उपाय काढला होता. ती बायकांच्या बाजूला, पण त्याच्या जवळच बसायची. पदराच्या टोकाला ग्लुकोज बिस्कीट बांधलेलं. पेद्दय्यांनी ताट पुढे नेलं की ती हळूच त्याच्या तळहातावर बिस्कीट ठेवायची. तो ते दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, बाकीच्यांसारखं सावकाश खायचा. पेद्दय्यांना हे दिसायचं. ते काही म्हणायचे नाहीत.

मग गिरण्या गेल्या. आमची माणसंही हळूहळू गेली. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. तरुण पोरांना तेलुगू गाणी येईनात. त्यांना कीबोर्ड आणि ड्रम असलेल्या मोठ्या सभांची ओढ लागली. बिरप्पाची विहीर बुजवून तिथं प्लॉट पडले. त्यानंतर आम्ही प्लॅस्टिकच्या मोठ्या टाकीत बाप्तिस्मा द्यायला लागलो, तेही नळाला पाणी येईल त्या दिवशी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून तारीख पास्टर नाही, नळ ठरवायचा. पुढे बाप्तिस्मा घेणारंच कुणी उरलं नाही. टाकी उलटी करून ठेवली, तिच्यावर चटया रचायला लागलो.

कृपम्मा गेली ती छातीतल्या पाण्यानं, सरकारी दवाखान्यात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पेद्दय्यांनी ताट उचललं. समाधानपुढे आले. त्यानं हात पुढे केला. ताट डोक्यावरून पुढे गेलं. त्यानं हात तसाच धरून ठेवला. शेजारी बघितलं. तिथं चटई रिकामी. आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बिस्किटाचं. तो "अम्मा" म्हणाला. मग मोठ्यानं "अम्मा, अम्मा" करत रडायला लागला. चाळिशीचा बाप्या माणूस तोंड उघडं टाकून रडत होता आणि पेद्दय्या हातात ताट घेऊन मधेच उभे. मी उठून त्याला बाहेर नेलं. शेजारच्या गुलबानोनं दारातून विचारलं, "क्या हुआ बच्चे को?" तिनं त्याला चहा दिला. तेव्हा गप्प झाला.

त्यानंतर पेद्दय्या खचत गेले. दम लागायचा. घरात दोघंच. सकाळी भाकरी त्यांनी थापायची, दुपारी समाधान भांडी घासणार. सुवार्ता होटगीहून यायची, दोघांना चला म्हणायची, ते नको म्हणायचे. एकदा उपासनेनंतर मी झाडत होते तेव्हा ते मला म्हणाले, "मी मेलो तर हा कुणाचा गं?"

मी म्हटलं, "पेद्दय्या, मंडळीचा की."

"मंडळीत हाय कुटं तो?" ते म्हणाले. "मंडळीत बाप्तिस्मा घेतलेली माणसं."

त्यांनी पास्टरांपुढे विषय काढला. आताचे सत्यानंदम पास्टर तरुण होते, पालमूरहून दर तीन महिन्यांनी यायचे. पेद्दय्यांना ते फार मानायचे. ते म्हणाले, "विचारून बघू त्याला." सगळे बसून होते. आता आम्ही जेमतेम डझनभर उरलो होतो. पास्टर समाधानसमोर चटईवर मांडी घालून बसले. मराठीतच विचारलं, अगदी सावकाश.

"समाधान, येशू तुला माहीत आहे?"

समाधान हसला.

"तुला त्याच्या मागं जायचंय?"

समाधाननं बापाकडे बघितलं. "नायना," तो म्हणाला.

"पाण्यात उतरायचंय?"

"पाणी," समाधान म्हणाला, उठला आणि पास्टरांसाठी तांब्या भरून घेऊन आला.

पास्टर पाणी प्याले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पेद्दय्या, तुम्ही म्हणाल तर मी देतो. पाप होईल असं मला वाटत नाही. पण एक सांगा. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर तुम्ही हो म्हणाला असता?"

पेद्दय्यांनी मान हलवली. नाही.

तेव्हा बसम्मा बोलली. ती अक्कलकोटकडची, कानडी, लग्न होऊन आमच्यात आलेली. विड्या वळून वळून बोटं वाकडी झालेली. "मी सांगू का?" ती म्हणाली. "तोंड देवानंच दिलं न्हाय त्याला. मग देव तोंडाचंच कसं मागंल? हितं हात वर करा सगळे. ज्याला वाटतं समाधानला घ्यावं त्यानं हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. सगळ्यांचे हात बघून समाधानला मौज वाटली आणि त्यानंही हात वर केला, दोन्ही. काही जण हसले, बसम्मा डोळे पुसायला लागली. मला वाटलं, झालं.

पेद्दय्या उभे राहिले. भिंतीला हात टेकला. "तुमी माझ्यावर दया केली," ते म्हणाले. "मला कळतंय. पण बाप्तिस्मा बापावर दया म्हणून द्यायचा न्हाय. त्यानं हात का वर केला हे त्याला ठाऊक न्हाय. मी चाळीस वर्सं पोरांना एकच शिकवलं. आता माझ्या घरात आलं म्हणून मी ते मोडू?" एवढं बोलून ते खाली बसले. पास्टरांनी प्रार्थना केली आणि ते संध्याकाळच्या गाडीनं गेले.

मला पेद्दय्यांचा राग आला. अजून थोडा आहे. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं की आम्ही सगळ्यांनी मिळून जे देऊ केलं होतं, ते घ्यायची इच्छा त्यांच्याइतकी त्या शेडमध्ये कुणालाच नव्हती.

दोन-तीन आठवडे गेले. एका दुपारी मी गणवेशाच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत घरी येत होते, तर पेद्दय्या माझ्या दारात. धाप लागलेली. आत बसवलं, पाणी दिलं.

"पास्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "सांग, पुढच्या खेपेला द्या म्हणावं. समाधानला."

"पेद्दय्या, विचार बदलला?"

"विचार न्हाय बदलला," ते म्हणाले. "विचार तोच हाय. पण काल मी आंगोळ करताना पडलो. त्यानं मला उचललं, अंग पुसलं, कपडे घातले. मग घमेलं आणून माझे पाय धुतले. सगळ्यांचे धुतात तसे. आता याला मी काय म्हणू? मला कळंना झालंय. मला कळत न्हाय तर मी आडवा कशाला येऊ?"

मी फोन लावला. पास्टर म्हणाले, येतो. मी टाकीवरच्या चटया काढल्या, टाकी सरळ केली, आतून घासली. गुलबानोनं विचारलं कशासाठी, तर मी सांगितलं. ती म्हणाली, "पाणी कमी पडलं तर माझ्याकडून ने."

पण पास्टर येण्याआधीच खालिदभाई आले. अल्लाउद्दीनशेठना जाऊन वर्ष होत आलं होतं. शेडचे आता त्यांचे चार मुलगे वाटेकरी होते. खालिदभाई धाकटे. दारात चपला काढून आत आले, चटईवर बसले, मान खाली. "अब्बांनी जागा दिली होती, मी काढून घेतोय, मला लाज वाटते," ते म्हणाले. "पण भावांनी शेड विकली. माझी सही नसती तरी विकली असती. मी सही केली. महिनाभरात मोकळी करायला लागेल. वकील करायचा असेल तर करा, पेद्दय्या. मी तुमच्याविरुद्ध बोलणार नाही. इतकी वर्षं आहात, काहीतरी हक्क लागतच असेल."

पेद्दय्या म्हणाले, "आमी कोर्टात भांडत न्हाय, खालिदभाई."

"मला माहीत आहे," खालिदभाई म्हणाले. "म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

मी त्या दिवशी पेद्दय्यांशी भांडले. म्हटलं, हक्क मागणं म्हणजे मारामारी नाही. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "जा तू कोर्टात. मी आडवणार न्हाय. पण माझं नाव घालू नकोस." मी एकटी कुठे जाणार होते? बाकीच्यांनाही विचारलं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

पास्टरांची आई तिकडे आजारी पडली, त्यांचं येणं लांबलं. शेड मोकळी करायचा दिवस आधी आला. चटया वाटून घेतल्या. टेबल बसम्माच्या घरी गेलं. टाकी ठेवायला कुणाकडेच जागा नव्हती, ती गुलबानोच्या गच्चीवर चढवली, धुण्याच्या पाण्यासाठी. पत्र्याची भिंत उतरवताना सगळ्यांत मोठा आवाज झाला. समाधान कान धरून कोपऱ्यात बसला होता.

त्यानंतर आमची मंडळी अशी राहिलीच नाही. दोन घरं ड्रमवाल्या सभेत गेली. बसम्मा घरीच बायबल उघडून बसते. कानडी वाचते, कारण तिला तेवढंच येतं. पास्टर एकदा येऊन गेले. कुणाच्या तरी खोलीत आम्ही बसलो. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढला, पण पेद्दय्याच म्हणाले, "मंडळी कुटं हाय आता? कशात घेणार त्याला?" पुढे पास्टरांना दुसरीकडे जबाबदारी मिळाली.

मी, पेद्दय्या आणि समाधान स्टेशनच्या बाजूच्या मोठ्या मराठी चर्चमध्ये जायला लागलो. दगडी इमारत, लाकडी बाकं, रंगीत काचा. तिथं तान्ह्या मुलांच्या कपाळाला पाणी लावतात. पहिल्याच रविवारी तसा एक विधी होता. फ्रॉक घातलेलं बाळ, हसणारे आईबाप. पेद्दय्या खाली मान घालून बसले. मला वाटलं, उठून जातील. गेले नाहीत.

प्रभुभोजनाच्या दिवशी ताट घेऊन एक गृहस्थ आमच्या बाकापाशी आले. कोट घातलेले, घाईत. समाधाननं हात पुढे केला. गृहस्थांनी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. ताट पुढे धरलं. समाधाननं तुकडा उचलला. दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, सावकाश खाल्ला. मी पेद्दय्यांकडे बघितलं. त्यांचा हात ताटाच्या दिशेनं अर्धा उठला होता. तो तसाच थांबला. मग गृहस्थांनी ताट त्यांच्यापुढे धरलं आणि त्यांनी मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. त्यांनी स्वतः खाल्लं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पेद्दय्या, तुम्ही का नाही घेतलं?"

"पोट बरं न्हाय," ते म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी पुढेही तिथं कधीच घेतलं नाही. पण समाधानला घेऊन येत राहिले, कारण रविवारी तो सकाळीच शर्ट घालून दारात उभा राहायचा. ते त्याला बाकावर बसवायचे आणि स्वतः बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर थांबायचे. आत काय चाललंय ते बघायचेही नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सुवार्तानं दोघांना होटगीला नेलं. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. पायरी चढवत नव्हती. मी महिन्यातून एकदा जाते. रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या, पुढे कडुनिंब. तिथं जवळ चर्च नाही. रविवारी समाधान शर्ट घालून बाहेर येतो, इकडंतिकडं बघतो आणि बाजेवर बसतो. मालगाडी आली की सगळं बोलणं थांबतं. गाडी लांबच लांब असते.

मागच्या खेपेला पेद्दय्या बाजेवर होते, पाय सुजलेले. सुवार्ता ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, "पेद्दय्या, त्या मोठ्या चर्चमध्ये त्यानं खाल्लं, ते बरोबर झालं की चूक?"

ते सुजलेले पाय चोळत राहिले. मग म्हणाले, "त्यानं खाल्लं ते मी बगितलं. त्याचं तोंड बगितलं. पण माझ्या हातून त्याला मी कधी दिलं न्हाय. आता मला कोण देऊ देणार? ना ती मंडळी, ना ते ताट. बरोबर-चूक देवाला ठाऊक."

"नायना, असं बोलू नका," सुवार्ता म्हणाली.

"मी मेलो आणि कुणी त्याला विचारलं, तू कुणाचा, तर तो काय सांगणार?"

"मी सांगीन की. माझा भाऊ म्हणून."

"तू हायस तवर," पेद्दय्या म्हणाले.

सुवार्तानं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. आतून समाधान चहाचे कप घेऊन आला. त्याच्याकडे तिन्ही कप एकदम आणण्याची एक पद्धत आहे, थेंबही सांडत नाही. पहिला कप त्यानं बापाच्या हातात दिला आणि बाप तो नीट धरेपर्यंत सोडला नाही.